उधारीची वही आणि सरपंचाची खुर्ची

प्रश्न : काका, सादर नमस्कार. माझं माहेर परतवाड्याच्या पुढे, मेळघाटच्या पायथ्याशी. लहान भावाचं गावात कृषी केंद्र आहे. उन्हाळ्यात डोंगरातून उतरणारा मोह आणि सालईचा डिंकही तो घेतो. गावातल्या निम्म्या घरांची उधारी त्याच्या वहीत आहे. ग्रामपंचायतीच्या कामांना सिमेंटचे पाइप आणि मुरूमही तोच टाकतो. आता मंडळी त्याच्या मागे लागली आहेत, की सरपंचाला उभा राहा. त्यात त्यानं मोबाईलवर एका सोमाली माणसाची हकीकत पाहिली. परदेशातून परतला, धंदा उभा केला आणि पुढे तिथल्या एका प्रांताच्या सरकारात मंत्री झाला. भाऊ म्हणतो, "ताई, तसल्या भांडणाच्या देशात तो मंत्री होतो, तर मी गावचा सरपंच का नाही? ज्याला धंदा जमला त्याला गाव जमतं." मला मात्र धाकधूक वाटते. त्या देशात हे जमतं कसं? आणि भावाला मी काय सांगू?
— एक बहीण, ता. अचलपूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मंत्री, मोबाईल, मंडळींचा आग्रह हे सगळं वाचून झाल्यावरही माझं बोट एकाच ओळीवर येऊन थांबत होतं : "निम्म्या घरांची उधारी त्याच्या वहीत आहे." एका जिनिंगमध्ये ३१ वर्षं मी दिवाणजी होतो. रोजकीर्द आणि खतावणी लिहिण्यात जन्म गेला. तुमची धाकधूक खरी आहे आणि ती या ओळीतूनच येते आहे. पण आधी सोमालियाचं सांगतो, कारण तिथलं प्रकरणही फिरून उधारीवरच येतं.

जानेवारी १९९१मध्ये लष्करशहा सियाद बर्रे यांची राजवट कोसळली आणि त्या देशात मध्यवर्ती सरकार असं उरलंच नाही. आपण तहसील चार दिवस बंद राहिली की हवालदिल होतो. तिथे बँक गेली, टपाल गेलं, कोर्ट गेलं, पगार करणारं कोणी राहिलं नाही. अशा वेळी देश चालवला कोणी? बंदूकवाल्यांनी लुटला, आणि व्यापाऱ्यांनी चालवला. हे वाक्य मी जबाबदारीनं लिहितो आहे.

दहबशील नावाची पैसे पोचवणारी पेढी घ्या. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ सोनं वितळवणारा. १९७०मध्ये बुराओ गावी मोहम्मद सईद दुआले यांनी ती सुरू केली. १९८८च्या लढाईत हरगेसा आणि बुराओ ही शहरं सरकारच्याच फौजेनं उद्ध्वस्त केली. लाखो माणसं सीमा ओलांडून इथिओपियात गेली, दुआलेही गेले आणि तिकडून त्यांनी पुन्हा धंदा मांडला. काम काय, तर लंडनमध्ये, आखातात राबणाऱ्या मुलानं तिथल्या माणसाकडे पैसे द्यायचे आणि इकडे निर्वासितांच्या छावणीत त्याच्या आईला ते मिळायचे. त्याला ते हवाला म्हणतात. आपल्याकडे हा शब्द काळ्या पैशाला चिकटला, म्हणून दचकू नका. अमरावती-अकोल्याच्या कापूस व्यापाऱ्यांची हुंडी ज्यांनी पाहिली, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. माणूस ओळखीचा, शब्द पक्का, हिशोब मागाहून. मोबाईलचंही तसंच. १९९०च्या दशकापासूनच तिथे खासगी टेलिफोन कंपन्या उभ्या राहू लागल्या. हरगेशातल्या एका कंपनीनं २००९मध्ये झाद नावाची मोबाईलवरून पैसे देण्याची सोय काढली. आपण नोटाबंदीनंतर ते शिकलो, त्याच्या कितीतरी आधी तिथला भाजीवाला फोनवर पैसे घेत होता.

आता तुमच्या भावाला जे नवल वाटतं, त्यातली अर्धी गाठ इथेच सुटते. जिथे सरकारच नव्हतं, तिथे बंदर, फोन, वीज हे सगळं व्यापाऱ्यांच्या हाती होतं. पुढे प्रांत उभे राहिले. वायव्येला सोमालीलँडनं १८ मे १९९१ रोजी आपण वेगळे म्हणून जाहीर केलं. ईशान्येला पुंटलँड १ ऑगस्ट १९९८ला उभा राहिला. त्याची राजधानी गारोवे, मोठं बंदर बोसासो, आणि स्वायत्त असला तरी तो स्वतःला सोमालियाचाच भाग म्हणवतो. या सरकारांना माणसं हवी होती. शिकलेला, बाहेरचं जग पाहिलेला, चार पैसे राखून असलेला माणूस बहुधा व्यापारीच निघायचा. लढाईत देश सोडायचा, टोरांटो, लंडन नाहीतर दुबईत कष्ट करायचे, परत येऊन काहीतरी उभं करायचं आणि मग एखाद्या राष्ट्राध्यक्षानं मंत्रिमंडळात घ्यायचं, ही वाट तिथे पुष्कळांनी तुडवली आहे. मोगादिशूचे महापौर मोहम्मद नूर हे त्याच वाटेचे. अनाथाश्रमात वाढलेला हा मुलगा झाडांवर चढायचा, म्हणून टार्झन हेच त्याचं नाव पडलं. लंडनमध्ये बरीच वर्षं काढून ते परतले आणि २०१० ते २०१४ राजधानीचे महापौर आणि बनादिर प्रांताचे प्रमुख राहिले. अंधारात बुडालेल्या शहरात त्यांनी रस्त्यांवर दिवे लावून घेतले, ही त्यांची आठवण लोक सांगतात.

एक गोष्ट मात्र मोबाईलवरच्या हकीकतीत बहुतेक राहून जाते. तिथे माणूस एकटा मंत्री होत नाही, त्याचं कूळ, म्हणजे सगळी भावकी, मंत्री होतं. पुंटलँडच्या सभागृहात ६६ सदस्य, आणि ते ठरवताना कुळांच्या वडीलधाऱ्यांचा शब्द चालत आला आहे. कोणत्या कुळाला किती खाती, हे मोजून वाटतात. धंद्याचं भांडवलही बहुतेक वेळा कुळातूनच आलेलं असतं. म्हणजे खुर्चीवर बसण्याआधीच तो माणूस कितीतरी घरांचा देणेकरी असतो. आपल्याकडे तिकीट वाटताना कोणती गणितं होतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

तुमचा भाऊ सालईचा डिंक घेतो हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण पुंटलँड आणि सोमालीलँडच्या डोंगरांत सालईच्याच कुळातली झाडं आहेत. धूप म्हणून जगभर जाणारा तो सुगंधी डिंक तिथला. त्यातली एक जात बेयो, दुसरी मैदी, आणि मैदीचं झाड तर उभ्या कड्याच्या दगडाला चिकटून वाढतं. खोडाला लहानशी खाच घ्यायची, चीक वाळू द्यायचा, काही दिवसांनी तीच खाच पुन्हा ताजी करायची. आपला कोरकू माणूस सालईला हेच करतो. आणि तिथला डिंक काढणारा डोंगरात जाण्याआधी व्यापाऱ्याकडून पीठ, तेल, साखर उधार घेतो आणि डिंक उतरला की त्यात फेडतो. भाव कोण ठरवतो, हे मी लिहायची गरज नाही. तुमचा भाऊ मनानं चांगला असेल, तर त्यानं यावर एकदा विचार करावा : मेळघाटातला माणूस त्याच्या काट्यासमोर उभा राहतो, तेव्हा त्याला "नाही" म्हणायची मोकळीक असते का?

आता मुद्द्याची गोष्ट. १९९३मध्ये बोरामा गावी वडीलधाऱ्यांची सभा महिनोन् महिने चालली आणि त्यातून मोहम्मद हाजी इब्राहिम एगाल सोमालीलँडचे राष्ट्राध्यक्ष झाले. तिजोरी रिकामी. बाहेरची मदत नाही, कारण तेव्हा प्रांताला वेगळा देश म्हणून मान्यताच नव्हती. हजारो पोरं हातात बंदूक घेऊन रस्त्यावर, त्यांना बंदूक खाली ठेवायला लावायची तर पगार हवा. एगाल यांनी कोणाकडे हात पसरला? बर्बेरा बंदरातून शेळ्या-मेंढ्या अरबस्तानात पाठवणाऱ्या बड्या व्यापाऱ्यांकडे. त्यांनी कर्ज दिलं. त्यातून फौजेला शिस्त लागली, १९९४मध्ये प्रांताचं स्वतःचं शिलिंग हे नाणं आलं, बंदूकवाल्यांचे नाके उठले, रस्ता मोकळा झाला. आजही त्या भागात शेजारच्या मानानं शांतता आहे, तिची पायाभरणी या उधारीवर झाली. व्यापाऱ्यांचं यात मोठंच काम आहे आणि मी ते मनापासून मानतो.

पण परतफेड कशी झाली? बंदराच्या जकातीत सूट देऊन. त्या सरकारचं उत्पन्न मुख्यतः बर्बेराच्या जकातीचं, आणि ज्यांनी सर्वांत जास्त भरायची त्यांनाच सूट. म्हणजे लहान व्यापाऱ्यानं पूर्ण जकात भरली आणि मोठ्यानं आपल्या जुन्या उपकारापोटी वजावट घेतली. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, हे मलाही कळतं. पण कर्ज देणारा आणि कर ठरवणारा एकाच बैठकीत बसले, की तिसऱ्या माणसाच्या खिशातून किती गेलं, ते कोणत्याच वहीत लिहिलं जात नाही. एका वहीत मात्र ते लिहिलं गेलं, आणि ती लिहिणारा मीच होतो.

आमच्या जिनिंगचे मालक पेरणीच्या वेळी शेतकऱ्यांना उचल द्यायचे. कापूस आला की चुकाऱ्यातून कापून घ्यायचे. चांगले होते, अडल्यानडल्याला धावून जायचे. एका वर्षी ते एका संस्थेच्या निवडणुकीला उभे राहिले. पोळ्याच्या आधी मला बोलावून म्हणाले, "दिवाणजी, यंदा कोणाला तगादा लावू नका." मी लावला नाही. लोक खूश. ते निवडून आले. नंतर माघात म्हणाले, "थकलेल्या महिन्यांचं व्याज चढवा." मी चढवलं. कोणी मला मारलं-धमकावलं नाही, नुसतं सांगितलं आणि मी चढवलं.

त्यातला एक म्हातारा शेतकरी मला अजून दिसतो. बंडीवर बैलांसाठी घेतलेलं ढेपेचं पोतं होतं. माझ्यापुढे बसून त्यानं रुमालाची गाठ सोडली, नोटा मांडीवर सरळ केल्या, दोनदा मोजल्या. साठ रुपये कमी पडत होते. तो म्हणाला, "दिवाणजी, तवा तं शेट म्हनत होते राहू दे. मंग हे याज कुठून निंगालं?" मी वहीकडे बोट केलं. त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो वाकून त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग उठला, बंडीवरचं ढेपेचं पोतं उतरवलं आणि आमच्याच ओट्यावर आणून ठेवलं. मी ते त्याच्या खात्यात जमा लिहिलं. बैल रिकाम्या बंडीला जुंपून तो गेला. त्या बैलांनी त्या उन्हाळ्यात काय खाल्लं असेल, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. आता विचारतो.

म्हणून ताई, भाऊ जे म्हणतो, ज्याला धंदा जमला त्याला गाव जमतं, ते मला पुरतं पटत नाही. हिशोब जमेल, माणसं जोडणं जमेल, पहाटे उठणं जमेल. पण दुकानात ज्याची उधारी थकली त्याला तो बियाण्याची पिशवी नाकारू शकतो. सरपंच झाल्यावर त्याच माणसाचं नाव घरकुलाच्या यादीत त्याला वाचावं लागेल. त्या माणसाला ग्रामसभेत उठून "हा रस्ता निकृष्ट झाला" म्हणायचं असेल, तर आधी त्याला आपली उधारी आठवेल आणि तो खाली बसेल. भावानं एक शब्द न बोलताही तो खाली बसेल.

सोमालीलँडमधलीच एक बाई मला यात जास्त जवळची वाटते. एडना अदान इस्माईल. डॉक्टरची मुलगी, १९३७चा जन्म, इंग्लंडात शिकून आलेली परिचारिका आणि सुईण. पुढे जागतिक आरोग्य संघटनेत मोठ्या पदावर होत्या. निवृत्त झाल्यावर माणूस गावाकडे बंगला बांधतो. यांनी आपली मर्सिडीज विकली, दागिने विकले, साठवलेला पैसा घातला आणि हरगेशात बाळंतिणींसाठी दवाखाना बांधायला घेतला. जागा मिळाली ती उकिरड्याची. लोक म्हणाले बाई वेडी झाली. २००२मध्ये दवाखाना उघडला. त्याच वर्षी त्या सोमालीलँडच्या मंत्री झाल्या, आधी कुटुंबकल्याण आणि २००३ ते २००६ परराष्ट्र खातं. पण राहायच्या कुठे? दवाखान्यातच. मंत्रिपद गेलं तरी दवाखाना राहिला, तिथे शिकून बाहेर पडलेल्या सुईणी खेड्यापाड्यांत पसरल्या. मुलींची सुंता करण्याच्या प्रथेविरुद्ध त्या १९७०च्या दशकापासून उघड बोलत आल्या, हेही त्यांचंच काम. २०२३मध्ये त्यांना टेम्पलटन पुरस्कार मिळाला. धंदेवाईक अर्थानं त्या व्यापारी नव्हेत, हे मला ठाऊक आहे. पण शून्यातून संस्था उभी करून मंत्री झालेलं माणूस भावाला पाहायचंच असेल, तर हे पाहावं. त्यांच्या वहीत गाव त्यांचं देणं लागत नव्हतं.

आता कायद्याचं. हे त्याला स्पष्ट सांगा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याच्या कलम १४मध्ये अपात्रतेची कारणं दिली आहेत. पंचायतीच्या आदेशानं होणाऱ्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा अथवा हितसंबंध असेल, तर माणूस सदस्य राहू शकत नाही. म्हणजे पाइप आणि मुरूम बंद. बायकोच्या नावावर बिल काढून, साळ्याच्या ट्रॅक्टरवर टाकून हे सुटत नाही, "अप्रत्यक्ष" हा शब्द त्याचसाठी आहे. यात पुष्कळ सरपंच घरी गेले आहेत, आणि तक्रार करणारा बहुधा कालपर्यंत सोबत चहा पिणाराच असतो. उमेदवारी भरण्याआधी जुनी बिलं निकाली काढून घ्यावी, पुढचं एकही काम घेऊ नये. आणि जवळच्या वकिलाला कागद दाखवावे, माझ्या भरवशावर राहू नये.

उधारीला मात्र कोणतं कलम नाही. ती त्याची त्यानंच सोडवायची. मला सुचतं ते असं. अर्ज भरण्याआधीच प्रत्येक खातेदाराला बोलावून बाकी किती ते लिहून द्यावं, त्याचीही सही नाहीतर अंगठा घ्यावा, एक प्रत त्याच्याजवळ राहू द्यावी. फेडायची मुदत आणि व्याज त्याच कागदावर, सगळ्यांना एकच नियम. मत देणाऱ्याला एक आणि न देणाऱ्याला दुसरा असं होता कामा नये. वसुली स्वतः करू नये. निवडणुकीच्या तोंडावर कोणाची बाकी माफ करू नये, मनात कितीही दया आली तरी. मतासाठी केलेली माफी ही कायद्यानंही लाचच आहे. माफ करायचंच असेल, तर निवडणूक होऊन गेल्यावर, ज्याची पऱ्हाटी बोंडअळीनं खाल्ली त्याचं करावं, आणि त्याचं मत कोणाला होतं हे न विचारता. दुकानाचा कारभार निदान त्या पाच वर्षांसाठी दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावा. तुम्ही पत्र फार नेमकं लिहिलं आहे, ताई. दुकान तुम्हीच का पाहू नये?

एवढं करायची त्याची तयारी असेल, तर त्यानं जरूर उभं राहावं. आपल्या भागात हिशोब कळणारा सरपंच दुर्मीळ आहे आणि मला तो हवा आहे. तयारी नसेल, तर कृषी केंद्र चांगलं चालवावं. खात्रीचं बियाणं, पक्की पावती, डिंकाला खरा काटा, यानंही गावाचं भलं होतं.

बाकीचा कागद कसा लिहायचा हे कळत नसेल, तर मला पत्र टाका. मी माझ्या हातानं एक नमुना लिहून पाठवतो. त्यात खातेदाराचं नाव सर्वांत वर येईल आणि दुकानाचं खाली.